तिला फक्त चांगलंच सांगायचं

आजारी माणसाला काय खायला घालावं, याची यादी मला निदान तीस जणांनी दिली. आजारी माणसाशी बोलावं काय, याची कुणी दिली नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे पट्टा बांधून, पाठीशी दोन उशा लावून, वीस मिनिटं. वीस मिनिटांनी आडवं व्हावंच लागतं. त्यामुळं हे तुकड्यातुकड्यानं लिहिलं जाणार, सांभाळून घ्या.

मी काळेवाडीत राहते. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचं वायरिंग तयार होतं, तिथं तपासणीला आहे. वायरींचा जुडगा समोरच्या फळीवर येतो. त्यातली कुठली पिन नीट बसली नाही, कुठली टेप सुटली, ते शोधायचं आणि लाल खूण करायची. अकरा वर्षं उभ्यानं हेच केलं. घरचे म्हणतात, ही सवय घरीही घेऊन येते. येते, खोटं कशाला बोलू.

मागची सीट

कंपनीची बस पहाटे पावणेसहाला आमच्या थांब्यावर येते. तिथं मी आणि शबाना चढायचो. शबानाची गल्ली माझ्या मागची, तिच्या मिस्टरांचं गॅरेज कोपऱ्यावर. चिंचवडला उज्ज्वला चढायची, ती मूळची लातूरकडची. शेवटी तळवड्याला मंगलताई. तिथल्या जुन्या गावातली, आमच्या सगळ्यांत मोठी. चौघी एकाच खात्यात, त्यामुळं मागची लांब सीट आमची ठरलेली.

मंगलताई चढल्या की सुरुवात व्हायची. तळवडे ते चाकण, गाड्या तुंबल्या तर तास, नाहीतर अर्धा तास, एकेकीनं आपलं रडगाणं गायचं. पाणी दोन दिवस आलं नाही. नणंद न सांगता मुक्कामाला आली. मिक्सर जळला आणि मिस्टर म्हणतात तूच जाळलास. मोठं दुःख कुणी आणत नव्हतं, मोठं दुःख असं रोज असतं कुठं. पण ही बारकी दुखणी उतरवली की आठ तास उभं राहणं सोपं जायचं.

नियम एकच होता, मंगलताईंनी घातलेला. सल्ला द्यायचा नाही. "उपाय सांगाया घरची हायेत की," त्या म्हणायच्या. "हितं निस्तं ऐका." बाकीच्यांनी फक्त "मग?" म्हणायचं. जी सल्ला देईल तिनं दुसऱ्या दिवशी चाकणपर्यंत उभं राहून यायचं. उज्ज्वला महिन्यातून दोनदा तरी उभी असायची, तिला राहवायचंच नाही.

माझी पाठ सात महिने दुखत होती, तीही मी मागच्या सीटवर सांगितली होती. "मग?" म्हणाल्या सगळ्या. त्यांचा दोष नाही. उभ्यानं काम करणाऱ्या कुठल्या बाईची पाठ दुखत नाही? सुपरवायझरला वाटलं मी अंग चोरते. मलाही मधूनमधून तसंच वाटायचं. मग एका सकाळी बसच्या पायरीवर उजवा पाय उचललाच गेला नाही. पाय माझाच, पण माझं ऐकेना.

निदानाचा दिवस

डॉक्टर तरुण होते. त्यांनी फोटो पडद्यावर लावला आणि पेनानं मणक्यांपाशी एक जागा दाखवली. म्हणाले, "टीबी आहे."

आमचे मिस्टर म्हणाले, "पण हिला खोकलाच नाही."

"टीबी फक्त छातीत होतो असं नाही. यांची छाती स्वच्छ आहे. यांच्यापासून कुणाला होणार नाही. पण मणका खूप पोखरलाय, आता हालचाल बंद. उशीर झाला असता तर पाय गेले असते."

खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं. सात महिने मी नाटक करत नव्हते, हे कुणीतरी पडद्यावर दाखवलं होतं. भीती नंतर आली, रिक्षापर्यंत जाताना. पाय जातील, हा शब्द डोक्यात बसला आणि मी प्रत्येक पाऊल मोजून टाकू लागले.

रिक्षात हे हळू आवाजात म्हणाले, "कुणाला सांगायचं नाही. मणक्यात गॅप आहे म्हणायचं." आमच्याकडं मणक्यात गॅप असणं चालतं, प्रत्येक घरात एकाला तरी असतोच. टीबी चालत नाही. मी हो म्हटलं. भांडायला अंगात जोर नव्हता.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी, बस तळवड्याला पोचली असेल त्या वेळेला, मी शबानाला फोन लावला. स्पीकरवर टाक म्हटलं आणि चौघींना, म्हणजे त्या तिघींना, खरं ते सांगितलं. इतकी वर्षं ज्यांना मिक्सर जळल्याचंही सांगितलं, त्यांना गॅप कुठून सांगू?

माझं बोलून झालं. "मग?" कुणी म्हणालंच नाही. मग एकदम तिघी बोलायला लागल्या. मंगलताईंनी आळंदीकडच्या कुठल्याशा वैद्याचं नाव घेतलं, उज्ज्वला डाळिंब म्हणाली, खजूर म्हणाली, शबाना म्हणाली मी संध्याकाळी येते. तिघींनी एका दमात नियम मोडला आणि कुणी कुणाला उभं केलं नाही. मला तेव्हा ते प्रेमच वाटलं. होतंही प्रेमच.

छताकडं बघण्याचे दिवस

दवाखान्यात बारा दिवस होते. मणक्यातून तुकडा काढून तपासायला गेला, त्याबद्दल लिहीत नाही. त्याहून जड होतं ते नुसतं पडून राहणं. कूस बदलायची तर दोघींनी मिळून, लाकडाचा ओंडका फिरवावा तसं अख्खं फिरवायचं. मान नाही वळवायची, कंबर नाही. सकाळी सहाला नर्स येऊन पुसून काढायच्या, आठला डॉक्टरांची फेरी, मग गोळ्या, मग छत. छतावर एक ओल होती. तिचे सगळे आकार मला पाठ झाले.

तिथं एक मावशी होत्या. बेडपॅन देण्याआधी त्या तो गरम पाण्यातून काढून आणायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. थंडीचे दिवस होते, त्यांना वाटलं म्हणून. मोठ्या डॉक्टरांचे आभार सगळे मानतात, मी त्या मावशींचे जास्त मानते.

घरी आल्यावर हॉलमध्ये फळी टाकून त्यावर माझी गादी. रोज सकाळी उपाशीपोटी मूठभर गोळ्या, त्यानंतर दोन तास मळमळ. पहिल्यांदा लघवी केशरी झाली तेव्हा मला वाटलं रक्तच आहे. गोळ्यांनी तसं होतं. डॉक्टरांनी सांगितलंही असेल, पण त्या दिवशी माझ्या कानात काही शिरत नव्हतं. तुमच्या घरात कुणी ही औषधं सुरू करत असेल तर हे त्याला दोनदा सांगा.

आणि थकवा. दमलेली मी जन्मभर आहे, पहिली पाळी करून येऊन धुणं धुतलंय. पण हा थकवा कामाचा नव्हता, त्यामुळं विश्रांतीनं जायचाही नाही. झोपून उठलं की पुन्हा झोपावंसं वाटायचं. फोन हातात धरून बोलायला हात दुखायचा.

घरात सगळे कोरडे झाले. हे भोसरीला वर्कशॉपला जायच्या आधी माझं सगळं करून जायचे. एके दिवशी सकाळी पॅन हातातून निसटला, फरशीवर सांडलं. हे तिथंच खाली बसले. "मला नाही जमत गं हे," म्हणाले. मी म्हटलं, "मग ठेवा मला माहेरी नेऊन." आईला जाऊन सहा वर्षं झाली आहेत, माहेरी आता भावानं लावलेलं कुलूप. तरी तेच तोंडातून निघालं. आतून आमच्या मुलीचा, प्राचीचा आवाज आला, "दोघंही गप्प बसा, माझा पेपर आहे." ती बारावीला. आम्ही गप्प बसलो. यांनी फरशी पुसली आणि जाताना माझ्या उशाशी पाण्याची बाटली ठेवून गेले.

गॅपची गोष्ट फार दिवस टिकली नाही. यांची बहीण भेटायला आली तेव्हा तिनं स्वतःसाठी कागदी पेला पर्समधून काढला. लांबून, दारातूनच बोलत राहिली. मला राग आला पण आश्चर्य वाटलं नाही. शबाना मात्र कामावरून सुटली की साडेचारला यायची. माझ्याच ताटात उरलेली पोळी उचलून खायची. दर रविवारी माझं डोकं धुवायची, प्लॅस्टिकचा कागद मानेखाली, तांब्या, खाली बादली. तेवढा एक तास मला मी माणूस आहे असं वाटायचं.

सगळं छान चाललंय

सकाळचा फोन मात्र रोज यायचा. सव्वासहाच्या सुमाराला, बसमधून. मी गोळ्या घेऊन त्याची वाट बघायची.

पहिल्या आठवड्यातच काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. उज्ज्वलाच्या मुलाला चांगले मार्क पडले. मंगलताईंच्या सुनेला दिवस गेले. शबानाच्या मुलीचं, सनाचं जमलं, मुलगा तळेगावचा, औषधांच्या दुकानात. कुणाचा मिक्सर जळत नव्हता, कुणाची सासू तोंड फुगवत नव्हती. मी विचारायची, "पाणी येतंय का गं?" "येतंय की, भरपूर." उज्ज्वलाच्या सोसायटीत भरपूर पाणी कधीच येत नाही, हे मला माझ्या नावाइतकं माहीत आहे.

आनंदाची बातमी ऐकून बरं वाटतं, नाही असं नाही. पण रोज नुसत्या तेवढ्याच ऐकल्या की आपण त्यांच्यातले उरलो नाही असं वाटायला लागतं. पाहुण्यांना जसं कपाटातल्या कपबशीतून चहा देतात तशा त्या माझ्याशी बोलत होत्या. माझी भीती पायांची होती, ती डॉक्टरांवर सोपवली होती. पण मागच्या सीटवरची माझी जागा जाईल, ही भीती कुणावर सोपवू? बरी होऊन परत गेले तरी त्या माझ्यासमोर जपूनच बोलतील, हे मला दिसायला लागलं होतं. मी एकदा म्हटलंही, "अगं, काहीतरी रडा की." तिघी हसल्या. उज्ज्वला म्हणाली, "तू काय करलालीस ते सांग आधी. जेवलीस का नीट?" संपलं.

तिसऱ्या महिन्यात एका मंगळवारी फोन आला. शबाना त्या दिवशी रजेवर होती, बसमध्ये या दोघीच. मंगलताई बोलत होत्या, जरा अडखळत, वाचून दाखवावं तसं.

"सनाची मंगनी झाली बरं का आईतवारी. लई माणूस व्हतं. बिर्यानी बेस झालती. तुझी समद्यांनी आठवन काढली."

मी म्हटलं, "रविवारी?"

"व्हय, आईतवारी."

"मंगलताई, रविवारी बारापासून चारपर्यंत शबाना माझ्याजवळ होती. माझी नखं काढत."

पलीकडं बसनं हॉर्न दिला. मग मागून उज्ज्वला कुजबुजली, पण तिची कुजबूजसुद्धा अख्ख्या बसला ऐकू जाते. "अवो ताई, जुना कागद वाचलालाव की तुम्ही."

त्या क्षणी मला सगळं कळलं, कारण कंपनीत हे असंच होतं. तपासणीचा तक्ता बदलतो, नवा फळीवर लागतो, पण जुना कुणाच्या तरी खिशात राहतो आणि ती बिचारी आठवडाभर जुन्याच तक्त्यानं माल पास करत बसते. या बायांनी माझ्यासाठी तक्ता केला होता. नंतर त्यांनीच सांगितलं, तपासणीच्या कोऱ्या कागदाच्या मागं, महिन्याभराच्या तारखा टाकून, कुठल्या दिवशी कुणी कुठली चांगली बातमी सांगायची ते लिहून. होणाऱ्या बातम्याही आधीच भरून ठेवल्या होत्या. मंगनी रविवारी होणार, म्हणून मंगळवारच्या रकान्यात मंगनी. मग काहीतरी झालं, नवा कागद झाला, आणि मंगलताईंच्या पर्समध्ये जुनाच राहिला.

"खरं सांगा," मी म्हटलं.

मंगलताईंना खोटं जमत नाही, कागद बघूनही जमलं नव्हतं. "आमी ठरीवलं व्हतं, तुला वंगाळ काय सांगायचं न्हाई. तू पडलीयस तशी, आन् आमी आमचं पाण्याचं रडगानं गायचं व्हय?" मग आवाज खाली आला. "लिवलंय ते वाचत गेले, ध्यानातच न्हाई ऱ्हायलं. मोडली मंगनी. पंधरा दीस झालं. का मोडली ते मला नगं इचारू. तिलाच इचार."

फोन ठेवला आणि मी रडले. राग होता तो. पंधरा दिवस शबाना रोज माझ्यासमोर बसत होती, माझ्या पोळीचा तुकडा तोडत होती, सना मजेत आहे म्हणत होती.

जे सांगायचं होतं ते

पुढं जाण्याआधी, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांच्यासाठी थोडं. त्याला घरातलं सांगा. नळ गळतोय हे सांगा, भाजीवाल्याशी भांडण झालं हे सांगा. त्याला झेपणार नाही असं तुम्ही परस्पर ठरवू नका. झेपलं नाही तर तो झोपून जाईल, एवढंच होईल. आणि उपचार चालू आहेत तोवर गोळी एकही चुकवू देऊ नका. माझे अजून बरेच महिने बाकी आहेत. पाय आहेत. घरातल्या घरात, भिंत धरून, मी चालते.

शबानाला मी विचारलं, तुझं लिहू का. "लिही," म्हणाली. "नाव बदल फक्त." बदललं आहे.

त्या मंगळवारी ती रजेवर असल्यानं दुपारीच आली. रविवारी नुसती नखंच झाली होती, म्हणून तिनं कागद अंथरला, माझी मान हळूच उचलून खाली सरकवला, तांब्यानं पाणी ओतायला लागली. माझे डोळे छताकडं, ती डोक्याशी, तिचं तोंड मला उलटं दिसत होतं. मी म्हटलं, "मंगनी का मोडली?"

तांब्या थांबला. "मंगलताईंनी सांगितलं?"

"कागदानं सांगितलं. का मोडली?"

"जाऊ दे ना वैशू. नशीब तिचं."

"शबाना."

तिनं पुन्हा पाणी घेतलं. माझ्या केसांतून बोटं फिरवत, माझ्याकडं न बघता बोलली. "मुलाची खाला, म्हणजे मावशी, आली होती. म्हणाली, तुम्ही रोज त्या टीबीवाल्या घरी जाता ना? कुणीतरी सांगितलं त्यांना. मी म्हटलं, जाते. म्हणाली, जाणं बंद करा, मग बघू. मी म्हटलं, तो टीबी लागत नाही, डॉक्टरांना विचारा. म्हणाली, डॉक्टर आमच्या घरी नांदायला येणार नाही." तिनं साबण लावायला घेतला. "मग मी म्हटलं, बंद नाही होणार. बस. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला."

मला वाटलं पाठीतून कुणीतरी खालपर्यंत सुरी फिरवली. मी तोंड उघडलं. उद्यापासून येऊ नकोस, हे वाक्य अगदी तयार होतं.

शबानानं तांब्या माझ्या तोंडावर धरला. "बोललीस तर सगळं ओतीन. तू हेच बोलणार म्हणून सांगितलं नव्हतं. काय करायचं ते मला सांगू नकोस. मला सगळे सांगतायत."

मी तोंड मिटलं. इतकं अवघड काही मी त्या तीन महिन्यांत केलं नव्हतं, कूस बदलणंसुद्धा नाही. थोड्या वेळानं मी म्हटलं, "मग?"

आणि ती बोलायला लागली. पंधरा दिवसांचं साठलेलं. सना तिच्याशी बोलत नाही. ताट घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लावते. एकदाच बोलली, अम्मी, तुला मैत्रीण हवी होती, मला घर हवं होतं. तिचे मिस्टर, सलीमभाई, काही म्हणत नाहीत, आणि ते काही म्हणत नाहीत हेच तिला सहन होत नाही. गॅरेजातून उशिरा येतात, जेवतात, झोपतात. ती स्वतः कधी कधी रात्री मध्येच उठून बसते आणि स्वतःलाच विचारते, मी बरोबर केलं ना?

मी ऐकत होते. मला वाईट वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाज वाटत होती. तिच्या घरात माझ्यामुळं आग लागली होती. तरी ती माझ्यापाशी येऊन ते सांगत होती, पूर्वीसारखी, नाक ओढत, मधेच तोंडातून एखादी शिवी जात. माझ्या केसांतला साबण वाळायला लागला होता, तिच्या लक्षात नव्हतं. कोमट पाणी, तिची बोटं आणि सकाळच्या गोळ्या. मी डोळे उघडे ठेवायचा फार प्रयत्न केला. पण अंगानं ऐकलं नाही, आणि कुठंतरी सलीमभाईंच्या जेवणापाशी माझा डोळा लागला.

तिनं माझ्या कपाळावर ओल्या हातानं टपली मारली.

"ए, झोपू नको. आत्ता कुठं मी सासूपर्यंत आलेय."